फोपनारच्या वेलीचं कूळ

लोक बुरहानपूरला जातात ते तापीकाठचा किल्ला बघायला, नाहीतर माव्याची जिलेबी खायला. मी गेले ती एका वेलीची ओळख पटवायला. साठी उलटलेली बाई भिंग, सुरी आणि वर्तमानपत्रांची रद्दी घेऊन नाशिकहून मध्यप्रदेशात कशाला निघालीय, असं गाडीत समोरच्या बाईंनी विचारलंच. "भाचीचं लग्न अडलंय," मी म्हटलं. "मग ही रद्दी?" "त्याच्यासाठीच." भुसावळपर्यंत त्या बाईंनी माझ्याशी पुन्हा बोलण्याचं धाडस केलं नाही.

खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसत नव्हता. माझी धाकटी बहीण सुलभा फोपनारला दिलेली. तिची लेक तेजू. तिचं तुकईथडच्या गौरवशी जमलेलं, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, साखरपुड्याची साडीसुद्धा आलेली. आणि एक दिवस तेजूचा रडका फोन: "मावशी, तू बॉटनीची मॅडम होतीस ना? मग लगेच ये. आमच्या शेतातल्या वेलीनं माझी शादी कॅन्सल केली."

बुरहानपूर

तेजू स्टेशनवर स्कूटी घेऊन आली होती. म्हटलं, आधी पोटात काहीतरी टाक, मग तुझी कहाणी ऐकते. तिनं मला जिलेबीच्या दुकानासमोर उभं केलं. आमच्याकडची जिलेबी पिवळी, बारीक, चावली की कुरकुरते. ही काळसर, जाडजूड, माव्याची. एकीत माझं पोट भरलं आणि दुसरी मी केवळ हट्टानं मागवली.

खाताखाता प्रकरण समजलं. लग्नात मांडवाला देवक बसवतात हे आपल्याला माहीत असतं. पण नाशकात आम्ही बाजारातून पाच झाडांची पानं प्लास्टिकच्या पिशवीत आणतो आणि मोकळे होतो. इथं तसं नाही. प्रत्येक कुळाचं देवक ठरलेलं. कुणाचा कळंब, कुणाची रुई, कुणाची एखादी वेल. आपल्या देवकाला विळा लावायचा नाही, त्याचं जळण करायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एकाच देवकाची घरं ही भाऊबंदांची घरं, त्यांच्यात सोयरीक होत नाही.

"गौरवचे आबा आमच्याकडे बैठकीला आले," तेजू म्हणाली. "पप्पांनी मोठ्या शानने शेतातली वेल दाखवली. म्हणाले, हे आमचं देवक. आबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, हे तर आमचं. बस. खतम. म्हणजे गौरव माझा भाऊ झाला, समझली?"

"समजलं."

"तर तू फक्त सांग की दोन्ही वेली वेगळ्या आहेत."

"मी जे असेल ते सांगेन," मी म्हटलं. "जन्मभर पोरांना नापास केलंय, आता भाचीसाठी वेलीला पास करणार नाही." तेजूनं स्कूटी अशी काही सुरू केली की माझी उरलेली जिलेबी रस्त्यावर गेली.

फोपनार

केळीच्या बागा सुरू झाल्या. मार्गशीर्षाचं ऊन, घडांवर निळ्या पिशव्या, पाटाला पाणी. दृष्ट लागावी असं सगळं. स्कूटी थांबली.

"घर कुठाय?" मी विचारलं.

"समोरच तर आहे."

समोर एक गुलाबी टेकडी होती. नीट पाहिलं तेव्हा टेकडीला खिडकी दिसली, आणि खिडकीत सुलभा.

वेलीनं गोठा घेतला होता, मोटारीची खोली घेतली होती, कपडे वाळत घालायची तार घेतली होती. टीव्हीची छत्री फुलांनी इतकी भरलेली की घरात एकच वाहिनी दिसायची आणि तिच्यातलेही सगळे लोक पावसात उभे असल्यासारखे दिसायचे. दारातल्या निंबाची एक फांदी तेवढी वर निघालेली, बुडणाऱ्या माणसाच्या हातासारखी. संडासापर्यंत जायला वाकून बोगद्यातून जावं लागे. "आत जाताना आपोआप नमस्कार होतो," सुलभा म्हणाली. ती हे गंमत म्हणून सांगत नव्हती.

माझे मेहुणे प्रकाशराव म्हणजे भला माणूस. मिशा मोठ्या, आवाज लहान. त्यांनी मला फिरवून सगळं दाखवलं आणि एका उंचवट्यापाशी थांबले. "इथं माझी मोटरसायकल हाये, अक्का."

"कुठं?"

"आत." त्यांनी पानं हळूच बाजूला केली तेव्हा खोल आत हेडलाइटची काच चमकली. "उन्हाळ्यात सावलीले लावली होती. चार दिवस गावाले गेलो, आलो तं हिनं धरली. चावी हाये माझ्यापाशी." आणि त्यांनी खिशातून चावी काढून दाखवली. हा माणूस रोज ती चावी खिशात घालून पायी फिरत होता!

"अहो, मग कापा ना!"

प्रकाशरावांनी दोन्ही कानांना हात लावले. सुलभानं माझ्या तोंडावर हात ठेवला.

ओळख पटवायला मला भिंगही लागलं नाही. बदामी आकाराचं, सुरकुतलेल्या कडेचं पान. गुलाबी फुलांचा तुरा, आणि तुऱ्याच्या शेंड्याला चक्क बारीक ताणे. म्हणजे फुलंसुद्धा चढायच्या कामाला लावलेली. जमिनीत कंद, वरून कितीही कापा, खालून फुटणार. वाळलं फूल उडून नाहीतर पाटाच्या पाण्यातून वाहत शेजारच्या शेतात. अँटिगोनॉन लेप्टोपस. शोभेची म्हणून बागांमध्ये आणलेली आणि कुंपणाबाहेर सुटलेली पाहुणी.

"प्रकाशराव, ही तुमच्या पूर्वजांची वेल नाही. ही मेक्सिकोची आहे."

प्रकाशराव म्हणाले, "तिकडं तं आपले कोणीच सोयरे नाही."

"म्हणजे प्रॉब्लेम सॉल्व!" तेजूनं उडी मारली.

"कसला सॉल्व?" सुलभा म्हणाली. "मग आपलं देवक कोणतं? देवकाशिवाय मांडव कसा घालायचा? आणि अक्का, आमच्या लग्नात हीच बांधली होती. म्हणजे माझं लग्नच झालं नाही की काय? मी इतकी वर्षं कुणाच्या भाकऱ्या थापतेय?" प्रकाशराव मिशीत पुटपुटले की लग्न झालंय, त्यांना चांगलं आठवतंय.

सकाळी उठले तर खुंटीला अडकवलेल्या माझ्या पर्सच्या पट्ट्याभोवती एक कोवळा ताणा दोन वेढे घालून बसला होता. मी इकडं तिकडं पाहिलं, कुणी नव्हतं. तो अलगद सोडवला आणि का कोण जाणे, "माफ कर गं बाई" म्हणाले. या घरात एक रात्र राहून माझी ही गत झाली.

तुकईथड

तुकईथड महाराष्ट्राच्या सीमेला इतकं लागून की फोन दर मैलाला राज्य बदलत होता. वाटेत कापूस वेचणं चाललेलं. प्रकाशराव दुसऱ्याची गाडी मागून घेऊन आले होते आणि चालवताना सारखे आपल्या खिशातली चावी चाचपत होते.

आबांचं घर विचारावं लागलं नाही. बस जिथं थांबते तिथली पाटी पार गुलाबी झालेली. थांब्याचं नावसुद्धा आता "वेल" असंच पडलंय, कंडक्टर ओरडतो, "चलो, वेलवाले उतरो!"

आबा म्हणजे गौरवचे आजोबा. उंच, पांढरी टोपी, गावात शब्दाला वजन. त्यांनी आधी जेवायला बसवलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, आणि शेवभाजी अशी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी काढून मगच ती घशाखाली उतरली. गौरव वाढत होता. भला पोरगा, "नमस्ते मावशी" एवढंच बोलला आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होता, तेजू मागून येतेय का म्हणून. मला त्याची फार दया आली.

हात धुतल्यावर आबा म्हणाले, "बाई, तुम्ही पाह्यली आमची वेल. आता सरळ सांगा. ती आन् फोपनारची, एक का दोन?"

प्रकाशरावांनी डोळे मिटून घेतले.

"एकच," मी म्हटलं. "पण आबा, ही ना तुमचं देवक आहे ना त्यांचं. ही परदेशातून आलेली आहे. तुमच्या दारात कशी आली?"

मला वाटलं, म्हातारा चिडेल. पण आबा प्रामाणिक माणूस. जरा वेळ टोपी फिरवत बसले. "मीच आणली," म्हणाले. "दुष्काळात आमची जुनी वेल वाळली. पोराचं लग्न तोंडावर. असीरगढच्या रस्त्याले एका बंगल्यावर ही दिसली, भर उन्हात फुलेल. म्हटलं, देवच म्हणतोय ने. कांदा खणून आणला. मंग फोपनारच्या पांडूनं खकनारच्या बाजारात माझ्यापाशी मांगला. प्रकाशचा काका तो. म्हणे, आमची वेल लई छळते, तुमचीच द्या. दिला. अन् एकाच कांद्याची घरं, मंग भाऊबंदच झाले ना."

"छळते म्हणजे?"

"ते नाही बोलला. आता गेला बिचारा."

"तुमची जुनी कशी होती?"

"बारीक पान, लोकरीवानी मऊ. पोरं पान पाण्यात चुरत, तं पाणी थिजे."

मी उठलेच. वासनवेल! आणि आबांच्याच कुंपणामागं बाभळीवर ती मघाशी मी पाहिली होती, गुलाबी राणीच्या दिमाखापुढं कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. मूठभर पानं आणून तांब्यातल्या पाण्यात चुरली, गाळली आणि झाकून ठेवली. सगळं घर तांब्याभोवती बसलं. थोड्या वेळानं झाकण काढून तांब्या कलंडला, तर पाणी सांडेना. हिरवं, थरथरणारं, घट्ट. आबांनी त्यात बोट खुपसलं आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मग टोपी नीट करून त्यांनी तांब्याला वाकून नमस्कार केला.

"आता फोपनारची मूळची वेल कोणती ते पाहा," ते निरोप देताना म्हणाले. "तीबी वासनवेल निघाली तं सोयरीक नाही. अन् नाहीच सापडली तरी नाही. मी उद्या येतो." गौरव फाटकाशी आमच्या गाडीचा आरसा पुसत उभा होता, उगाचच.

परतताना मी स्वतःवरच चिडले होते. लग्न जुळवायला म्हणून आले आणि अडायचं आणखी एक कारण खणून काढलं. तेजूला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तू यार प्रॉब्लेम वाढवायलाच आली का?"

पुन्हा फोपनार

आबा सकाळीच हजर. अंगणात, म्हणजे अंगण जेवढं उरलं होतं तेवढ्यात, खाट टाकली. प्रकाशराव म्हणत होते की वडील लवकर गेले, पांडूकाका गेले, आता सांगणार कोण?

ओट्यावर त्यांच्या आई, जिजी, वाल सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "यांना विचारलंत?"

"जिजीले?" प्रकाशरावांना खरंच आश्चर्य वाटलं. "देवकाचं गडीमाणसं पाहतात, अक्का. बायांना काय विचारायचं?"

माझं डोकंच फिरलं. "दोन गावं, दोन घरं, तिसऱ्या देशाची वेल, मला नाशिकहून बोलावणं, आणि ओट्यावर बसलेल्या बाईला विचारलं नाही?" मी तरातरा जिजींजवळ गेले. "जिजी, तुमच्या लग्नात मांडवाला कोणतं देवक होतं?"

"मले काय मालूम बाई," जिजी म्हणाल्या. "डोयावर पदर होता. पुऱ्या लग्नात मी नवऱ्याच्या पायाचा अंगठा तेवढा पाह्यला. तोबी चुकून त्याच्या भावाचा निघाला."

आबा खोकले. तेजूनं डोक्याला हात लावला.

"काहीच आठवत नाही?"

"आठवतं ना. खाज."

"काय?"

"देवकाच्या पाया पडली, कपाळ टेकवलं, अन् जे काय सुटली! कपाळ, हात, गळा. भरिताचे दिवस होते, थंडीचे, तरी मी मांडवात घामेघूम. सासू म्हणे, आपल्या घरची खूण हाये, सोस. पांडूभाऊजी तं देवक धरून आणणारा. तो बोंबलतच मांडवात आला. तवापासून दात धरून होता त्या वेलीवर."

आबांच्या हातातली बशी थांबली. "लई छळते," ते स्वतःशीच म्हणाले. "पांड्या, लेका!" आणि असे हसले की खाट करकरली.

थंडीतल्या शेंगा, सोनेरी मखमली लव, लागली की माणूस नाचतो. माझ्या मनात नाव तयार होतं. खाजकुयली. पण आबांनी हसू पुसलं आणि माझ्याकडं वळले. "बाई, खात्रीनं सांगा. खाजकुयलीच ना?"

तेजू माझ्याकडं बघत होती. एक "हो" म्हणायचा अवकाश होता. पण ती वेल मी पाहिलेली नव्हती, हातात पान नव्हतं की शेंग नव्हती.

"मी पाहिली नाही, तेव्हा नाव शपथेवर सांगणार नाही," मी म्हटलं. तेजूचे डोळे भरले. "पण आबा, एक गोष्ट मी शपथेवर सांगते. वासनवेलीनं खाज सुटत नाही. अंथरून, पांघरून झोपलात तरी नाही."

आबांनी हातातली बशी खाटेवर ठेवली. वेलीवर मधमाश्यांचा आवाज चालला होता. "म्हणजे त्यांची कोणतीबी असो," ते सावकाश म्हणाले, "आमची अन् त्यांची एक नाही."

"एक नाही."

"मंग लग्न हाये."

तेजू किंचाळली आणि जिजींचे वाल अंगणभर झाले. प्रकाशराव मात्र खांबाला धरून उभे होते. "आबा," ते हळूच म्हणाले, "मांडवाले खाजकुयलीच बांधा लागंन? पंचपालवी नाही चालायची?"

"चालंन ना," आबा म्हणाले. "पण मंग मी कसं समजू का आपण भाऊबंद नाही?"

असीरगढ

तर प्रवासवर्णनात निदान एक किल्ला असावा म्हणून सांगते, असीरगढ मी पाहिला. खालून, मान वर करून. फार भव्य आहे. वर जायला वेळ नव्हता, कारण आम्ही पायथ्याच्या झुडपांत बांबू घेऊन फिरत होतो. प्रकाशराव रेनकोट, हेल्मेट आणि केळीला फवारणी करायचे हातमोजे घालून. ऊन मी म्हणत होतं. एका बोराटीवर शेंगांचे घोस सापडले, मांजराच्या शेपटासारखे मऊ दिसणारे. दुरूनच कापून टोपलीत घेतले. वारा आमच्या दिशेनं वाहत होता हे जरा उशिरा लक्षात आलं.

रस्त्याकाठच्या चहावाल्यानं घोस पाहिले, हेल्मेट पाहिलं, आम्ही दोघं मान खाजवतोय तेही पाहिलं. "भैया, किससे दुश्मनी है?" त्यानं आस्थेनं विचारलं.

"बेटी की शादी है," प्रकाशराव म्हणाले.

चहावाला दोन पावलं मागं सरकला. चहाचे पैसेही त्यानं ओट्यावर ठेवायला सांगितले.

मांडव

लग्नाआधी गुलाबी वेल निघाली. प्रकाशरावांनी नारळ फोडला, "इतके दिवस सांभाळलं, आता जा माय" म्हणाले, आणि पहिला विळा त्यांनीच घातला. मी मात्र कंद खणायला उभी राहिले. एक राहिला तरी पुढच्या पावसात ही पुन्हा संडासाच्या दारात हजर. आत मोटरसायकल निघाली. सीटवर कोंबडीनं संसार थाटलेला. प्रकाशरावांनी चावी लावली, किक मारली, काही झालं नाही. मग त्यांनी आरसा धोतरानं पुसून त्यात मिशा नीट केल्या आणि समाधानानं खाली उतरले. निंब उघडा पडला होता, पण जिवंत होता.

देवक बसवायच्या वेळी भटजींनी मंत्र फारच दुरून म्हटले. हातमोजे घालायला आबांनी बंदी केली नव्हती, पण प्रकाशरावांनी स्वतःच काढून ठेवले. "जिजीनं सोसलं," एवढंच म्हणाले. उघड्या हातांनी घोस उचलून मांडवाच्या खांबाला बांधला आणि खाली मान घालून उभे राहिले. कपाळाची शीर ताठलेली, पण हात हलला नाही. तेजूनं पाया पडून कपाळ टेकवलं. तिच्या डोक्यावर पदर होता, पण तो जिजींनी मागून वर धरला होता. "पाहून घे," त्या म्हणाल्या. "नीट पाहून घे."

त्यानंतर मांडवात काय झालं ते मी सविस्तर लिहीत नाही. वाजंत्रीवाल्यांचा ताल गेला, एवढं सांगते. तुकईथडचं अख्खं वऱ्हाड आम्हाला लांबूनच हात जोडत होतं. सुलभा तुपाची वाटी घेऊन पाहुण्यांना अत्तरासारखं तूप लावत फिरत होती. पाठवणीला तेजू बापाच्या गळ्यात पडली. प्रकाशरावांचा चेहरा लालभडक, डोळे वाहताहेत. "पप्पा, मत रो ना," ती म्हणाली. "रडतो कायले," ते म्हणाले, "खाज हाये." आणि तिला सोडेनात.

मी नाशकात पोचले तरी मनगट चुरचुरत होतं. दार उघडतेय तोच तेजूचा फोन. तुकईथडहून, हळू आवाजात, सासरी कुणी ऐकू नये तशी.

"मावशी, हातांना अजून खाज येतेय."

"तूप लाव. नाहीतर दही."

"इथं सगळे तेच म्हणताहेत." ती म्हणाली. "मी नाही लावलं. राहू दे दोन दिवस. घरची आहे."

"राहू दे," मी म्हटलं, आणि दारातच पिशवीवर बसून मनसोक्त रडून घेतलं.